पाच आठवडे एकही अळी नाही

बुटांच्या कारखान्याच्या मागे, जिथे चामड्याचा वास जरा कमी येतो, तिथे कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. मुलं बेचाळीस, आणि त्या बेचाळीस पोटांचा कारभार एकटीच्या हातात: पळीमावशीच्या. नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. हातात पळी असल्याशिवाय तिला बोलताच येत नाही. 'दार लाव' म्हणायचं तरी पळी दाराकडे, 'नाक पूस' म्हणायचं तरी पळी नाकाकडे. एकदा कारखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले, त्यांनाही तिने पळीनेच हात धुवायची जागा दाखवली. साहेबांनी मुकाट्याने धुतले.

तिच्या जिभेला हाड नाही, पण मनात काडीचंही काही राहत नाही. सकाळी जिच्यावर तोंडसुख घेतलं, तिलाच दुपारी आपल्या डब्यातलं वाढेल. कुणाला काय बोललो हे तिला संध्याकाळपर्यंत आठवतही नाही. ज्यांना बोलली त्यांना आठवतं, तो भाग वेगळा.

भाजीचं शिक्षण तिला आईकडून मिळालेलं. आईची भाजीची हातगाडी होती आणि हिचं बालपण त्या गाडीखालच्या सावलीत गेलं. लोक चकचकीत, गुळगुळीत कोबी निवडून न्यायचे. संध्याकाळी उरलेला, पानाला भोकं पडलेला कोबी आई घरी आणायची आणि म्हणायची, "जिथे अळी जेवली तिथे आपण बसायला हरकत नाही. बिचारीने आधी चाखून बघितलंय." हे वाक्य मावशीने असं गाठीला बांधलं की पुढे एका वसतिगृहाच्या मेसमध्ये अठरा वर्षं काढली, तिथे रोज ढिगाने चकचकीत भाजी यायची, तरी ते सुटलं नाही. मेसच्या मॅनेजरला ती विचारायची, "अहो, या फुलकोबीला अळी तोंड लावत नाही, पोरांनी का लावावं?" मॅनेजर हसून सोडून द्यायचा. पळी त्याच्याकडे रोखून उपयोग नव्हता, कारण भाजी तो ठरवायचा.

पाळणाघरात मात्र भाजी तिने ठरवली. वर्षापूर्वी मुलांच्या आयांनीच मागणी केली की मुलांना औषधं न फवारलेली भाजी द्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघराच्या प्रमुखांनी, चार मळेवाल्यांची भाजी मागवली आणि मावशीपुढे ठेवली. पहिल्याचा पालक इतका देखणा की भिंतीवर लावावा. मावशीने तो बाजूला सारला. दुसरा, तिसरा, तेच. चौथ्याच्या कोबीची मात्र चाळण झालेली, आणि आत एक हिरवी अळी आपलंच घर असल्यासारखी लोळत पडलेली. "हा माणूस खरा," मावशी म्हणाली आणि विषय संपला. तो खरा माणूस इतका कमी बोलायचा की त्याचं नाव घुमा पडलं. भाजी उतरवायची, मान हलवायची, निघायचं.

आणि मग पाहुण्यांची पद्धत सुरू झाली. भाजी निवडताना अळी सापडली की मावशी ती मारायची नाही. काचेच्या बरणीत एक पान टाकून तिला त्यावर ठेवायची. मुलं रांग लावून बघायला यायची, अळीला नावं ठेवायची, तिने किती खाल्लं याची चर्चा करायची. ज्या पोरांना भाजी नकोशी व्हायची तीसुद्धा म्हणायची, "तिने खाल्लं ना? मग मला पण दे." संध्याकाळी पाहुणीला अंगणातल्या झुडपात सोडून यायचं, पाळी लावून.

त्याच सुमारास चिमणी आली. साडेतीन वर्षांची, पण बघणाऱ्याला दोनच वर्षांची वाटावी. दोन वर्षं पोर आजारीच होती म्हणे. तिची आई बुटांचे तळ चिकटवायच्या विभागात कामाला. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात हात मागे धरून उभी राहिली.

"मावशी, माझ्या हाताचा गोंदाचा वास साबणानेही जात नाही," ती म्हणाली. "दिवसभर नाकात काय काय जातं ते माझं मला माहीत. माझं जाऊ दे. पण हिच्या पोटात तरी चांगलं जाऊ दे. इथली भाजी फवारलेली नसते म्हणतात, खरं का?"

"खरं."

"नक्की?"

"माझा शब्द," मावशी म्हणाली, आणि पळी स्वतःच्या छातीवर टेकवली.

चिमणी वर्षभरात डोळ्यांदेखत भरली. भाजीमुळे की आजार गेला म्हणून की बरोबरीची पोरं मिळाली म्हणून, ते कोण सांगणार? मावशीही तसा दावा करत नव्हती. पण चिमणी "अजून" म्हणून वाटी पुढे करायची तेव्हा तिला आतून कशी ऊब वाटायची.

सगळं असं छान चाललेलं असताना अळ्या यायच्या बंद झाल्या.

पहिला आठवडा कुणाच्या लक्षात आला नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलं विचारू लागली, "मावशी, पाहुणे?" तिसऱ्या आठवड्यात मावशी फुलकोबीचा एकेक तुरा उजेडात धरून बघायला लागली. काही नाही. पानाला भोक नाही, देठावर मावा नाही. पालक तर असा आला की तिला त्या पहिल्या देखण्या पालकाची आठवण झाली. तिच्या हाताखाली काम करणारी धाकटी खूश होती. "निवडायचा त्रास वाचला की हो!" मावशीने तिच्याकडे असं बघितलं की बिचारी कांदे सोलायला पळाली.

चौथ्या आठवड्यात तिने घुम्याला फोन लावला. "काय हो, हल्ली काही मारता की काय भाजीवर?"

"नाही." जरा थांबून तो म्हणाला, "स्वच्छ येते ना?"

"येते."

"मग झालं." फोन बंद.

आता या उत्तरावर कुणाचं समाधान व्हावं? तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पाचव्या आठवड्यात घरी नवऱ्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. नवरा बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. त्याला कुठल्याही गोष्टीत आधी गंमत दिसते.

"भाजीत अळी निघाली म्हणून बोंब मारणाऱ्या बायका पाहिल्या," तो म्हणाला. "अळी निघत नाही म्हणून तोंड पाडून बसलेली तू पहिलीच."

"अहो, थट्टा सुचते तुम्हाला! त्याने फवारायला सुरुवात केली असेल तर? त्या पोरीच्या आईला मी शब्द दिलाय. पाच आठवडे मी माझ्या हाताने वाढतेय."

नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा आवरली. "मग जाऊन बघून ये ना," तो म्हणाला. "इथे बसून जीव कशाला टांगणीला लावतेस?"

ती गेली नसती कदाचित. संशय खरा निघाला तर, या भीतीने माणूस जात नाही. पण बुधवारी फुलकोबीच्या बाहेरच्या पानावर तिला पांढरं काहीतरी दिसलं. पुडीसारखं, वाळलेलं, बोटाला लागणारं. तिने ते बोट फडक्याला पुसलं, मग साबणाने धुतलं, मग पुन्हा धुतलं. दोन्ही क्रेट उचलून मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि धाकटीला म्हणाली, "आज बटाटा."

"फुलकोबी आलीय की."

"बटाटा म्हटलं ना!"

गुरुवारीही बटाटा आणि डाळ. चिमणीने वाटीत डोकावून विचारलं, "हिरवं नाही?" मावशीने तिला डाळच आणखी एक पळी वाढली. आणि शनिवारी पालकसभा होती. घुम्याबरोबरचं वर्ष संपत होतं, पुढेही त्याचीच भाजी ठेवायची का हे ठरायचं होतं, आणि मोठ्या बाई सगळ्यांसमोर मावशीलाच विचारणार हे नक्की होतं. तिने 'हो' म्हटलं की झालं, इतका तिच्यावर विश्वास. हेच तर तिला सहन होईना. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं.

शुक्रवारी मुलांची जेवणं उरकली, तशी ती निघाली. दोन बस बदलल्या. शेवटच्या थांब्यापासून कालव्याच्या कडेने वीस मिनिटं चालत गेली. मळा समोर आला. कोबीचे वाफे, पालकाचे वाफे, कडेला पत्र्याची खोली. आणि त्या खोलीच्या बाहेर, भिंतीवर, खुंटीला लटकलेला फवारणीचा पंप.

मावशी तिथेच थबकली. संपलं, तिला वाटलं. तशीच पुढे गेली, पंपाचं झाकण फिरवलं आणि आत नाक घातलं. पुढचं मिनिटभर तिला जगात दुसरं काही कळलं नाही. शिंकांवर शिंका, डोळ्यांतून नाकातून पाणी. तो आवाज ऐकून घुमा मळ्यातून धावत आला.

"तुम्ही?"

"मीच!" शिंक. "काय आहे यात?"

"लसूण नि मिरचीचं पाणी."

"आणि पानावरची ती पांढरी पूड? खोटं बोलू नका! पाच आठवडे झाले, एक अळी नाही. कुठे गेल्या अळ्या?"

घुम्याचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली, चोरी पकडल्यासारखी.

"आत आहेत," तो म्हणाला.

"कोण आत आहेत?"

"अळ्या. बाबांकडे."

खोलीत खिडकीला लागून एक टेबल होतं. टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला, त्यावर देठ वर करून ठेवलेली फुलकोबी, आणि तिच्यावर वाकलेले एक म्हातारे गृहस्थ. एका डोळ्याला भिंग लावलेलं, हातात बारीक चिमटा. बाजूला टबात पाणी होतं, आणि काठावर पांढऱ्या मिठाचा थर वाळलेला.

"हलू नका," मान वर न करता ते म्हणाले. "उजेड अडतोय. एक आत पळतेय."

चिमटा दोन तुऱ्यांच्या मधून आत गेला, जरा थांबला आणि अलगद बाहेर आला. टोकाला एक हिरवी अळी वळवळत होती. म्हाताऱ्यांनी ती शेजारच्या वाडग्यात सोडली. वाडगं जवळजवळ भरलं होतं.

"तुम्हीच का त्या फोनवाल्या?" आता त्यांनी मान वर केली. भिंग डोळ्यालाच.

"कुठल्या फोनवाल्या?"

"'पुन्हा एक जरी अळी आली ना, तर तिची माळ करून तुमच्या गळ्यात घालीन.' शब्द पाठ आहेत आमचे."

"मी? मी असं म्हणाले?"

म्हणाली होती. हे आधी सांगायला हवं होतं, पण जिची गोष्ट तिलाच आठवत नव्हतं, तर काय करणार! सहा आठवड्यांपूर्वी एका मुलाच्या ताटात शिजलेली अळी निघाली, तीही पाळणाघर बघायला आलेल्या एका बाईंसमोर, आणि तीही अर्धी. उरलेली अर्धी कुठे गेली हे त्या बाईंनी मोठ्याने विचारलं. मावशी शरमेने काळीठिक्कर पडली. चूक तिच्या निवडण्याची होती, पण राग फोनवर निघाला, घुम्यावर. बरणीतल्या पाहुण्या त्या क्षणी कुठच्या आठवायला? संध्याकाळपर्यंत ती सगळं विसरून गेली. हा विसरला नाही.

"मुलांच्या ताटात गेली म्हणालात," घुमा म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं. "दोन दिवस मला घास गोड लागला नाही."

"हा मेला तरी औषध मारायचा नाही," म्हातारे म्हणाले. "अळी तर जायला हवी. मग मी म्हटलं, आण इकडे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. लोकांच्या मनगटावरचे एवढेएवढे स्क्रू काढले. ही तर स्क्रूपेक्षा मोठी आहे, फक्त पळते. आधी मिठाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे निम्म्या आपण होऊन बाहेर येतात. उरलेल्यांना मी समजावतो. भोकाची पानं आमच्या घरात शिजतात, चांगली तुमच्याकडे." ते जरा थांबले. "दुकान बंद केल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून हे भिंग डबीत पडून होतं."

मावशीने ते वाडगं दोन्ही हातांनी उचललं. आत हिरव्या, लठ्ठ, जिवंत अळ्या एकमेकींच्या अंगावरून चालल्या होत्या. तिचा जीव असा भांड्यात पडला की ती भसाभस रडायलाच लागली.

म्हातारे घाबरले. "अहो, रडताय काय? सगळ्या काढल्यात! एक राहिली नाही!"

"म्हणून तर रडतेय!"

मग तिने हातगाडीपासून सगळं सांगितलं. बरणी, पाहुण्या, चिमणी, बटाटा. घुमा हसला. आधी नुसता ओठांत, मग खांदे हलवून, मग भिंतीला टेकून. म्हातारे मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंग काढून टॉवेलवर ठेवलं.

"म्हणजे उद्यापासून अळ्यांसकट पाठवायची," ते म्हणाले. "माझं काम संपलं."

मावशीला हे सुचलंच नव्हतं. तिने डोळे पुसले. "छे हो! संपलं कसं? बेचाळीस पोरांच्या ताटात मला शिजलेली अळी नकोच आहे. तुमच्यासारखं मला कुठे दिसतं? फक्त एक करा. दर क्रेटमागे एक राहू द्या. एकच. जिवंत."

"कुठे ठेवू?"

"वरच्या पानावर. लपवाछपवी नको."

"साधारण किती मोठी?"

"पोरांना दिसेल एवढी."

म्हाताऱ्यांनी विचार केला, ऑर्डर नोंदवून घेतल्यासारखी मान डोलावली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मावशी घुम्याकडे वळली. हातात पळी नव्हती, त्यामुळे हाताचं काय करावं ते तिला कळेना. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी बोलले ते चुकलं, आणि संशय घेतला तेही." घुम्याने मान हलवली. पुढचा तासभर ती म्हाताऱ्यांशेजारी स्टुलावर बसून पालक निवडत होती, आणि ते तिच्या निवडलेल्या जुडीतून पुन्हा अळ्या काढून दाखवत होते.

शनिवारी सकाळी दोन क्रेट आली. प्रत्येकाच्या वरच्या पानावर एकेक पाहुणी, अगदी मधोमध. मुलांनी असा गलका केला की मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या.

दुपारी सभा झाली. आया, काही बाप, सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. मोठ्या बाईंनी विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षीही हाच मळा? तुमचा शब्द?"

'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. खरंच होतं ते. पण मावशी उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं: अळ्या बंद झाल्या ते, पांढरी पूड, स्वतःची फोनवरची जीभ, वाडगं, घड्याळजी. लोक हसले. मग यंत्रविभागातला एक बाप म्हणाला, "थांबा. म्हणजे बुधवारी, गुरुवारी पोरांना बटाटा मिळाला तो यासाठी? तुम्हाला संशय होता, तर आम्हाला का नाही सांगितलं?"



"खरा निघाला असता तर आज सांगितलंच असतं," मावशी म्हणाली. "आणि पातेलं खाली ठेवून घरी गेले असते."

मग चिमणीची आई उठली.

"मावशी, मी तुम्हाला 'नक्की का' म्हणून विचारलं होतं. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"तो मला आता नको."

मावशीने हातातली पळी शेजारच्या बुटक्या खुर्चीवर ठेवली.

"शब्द काय, दुकानदारही देतो," चिमणीची आई म्हणाली. "तुम्हाला संशय आला. तुम्ही ती भाजी बाजूला ठेवली आणि दोन बस बदलून बघायला गेलात. मी कामावरून जाऊ शकले नसते. कुणी गेलं नसतं. मला तुमचा तो संशयच पाहिजे. तेवढा चालू ठेवा, बाकी काही नको."

"बरं," मावशी एवढंच म्हणाली, आणि डाळ खाली लागेल असं काहीतरी पुटपुटत सरळ आत गेली. धाकटी ओट्यापाशी होती.

"मावशी, डोळ्यांना काय झालं?"

"कांदा."

"कांदा कुठाय?"

"मग चीर ना एक!" मावशी म्हणाली. धाकटीने काही न बोलता कांदा घेतला आणि चिरायला लागली, आणि दोघी मिळून मनसोक्त डोळे पुसत राहिल्या.